सूपभर कोंड्याचं लेकरू

पंचफुलाकाकूला खोटं बोलता येत नव्हतं, असं आमच्या गावात सगळे कौतुकानं सांगायचे. मला त्या कौतुकाचा फार राग येतो. आयुष्यात एकदाच तिनं खोटं बोलायला हवं होतं, आणि त्याची तयारीही तिनं चोख केली होती. पण ऐन वेळी तिनं कच खाल्ली आणि जन्मभर आमच्याच घरात अडकून पडली. आमच्या घरातल्या मोठ्या माणसांनीही ते खुशाल चालवून घेतलं. त्यातलं आता कुणीच उरलं नाही, म्हणून माझं तोंड मोकळं आहे.

आमचं गाव निजामाच्या मुलखात, औंढ्याकडच्या गोरेगावच्या अलीकडं, ओढ्याच्या काठावर. घरं बहुतेक एकाच भावकीची. त्यात आमच्या वाट्याला जमीन आली आणि मसाजीकाकाच्या वाट्याला मेंढरं. माझे मोठे चुलते तातेराव. त्यांची बायको द्वारकाबाई, तिला मी मोठीमाय म्हणायची. मोठीमायला मूलबाळ नव्हतं. तिनं नवस केले, औंढ्याला नागनाथापुढं सोमवार धरले, शेवटी सगळं सोडून दिलं आणि माझ्या वेण्या घालण्यावर समाधान मानलं. आमच्या घरापासून थोडं खाली मसाजीकाकाचं घर होतं. एक खोली, पुढं मेंढरांचं कुंपण, आणि घरात तो, त्याची आई कौशल्याबाई आणि बायको पंचफुला. काकू अंगानं काटक, कामाला उरकती आणि बोलायला अगदी चिक्कू.

तिची पहिली दोन लेकरं गेली होती. दोन्ही दुसरी दिवाळी बघायच्या आत. ताप आला, लेकरू सुकत गेलं आणि एक दिवस हाताला गार लागलं, एवढंच तिला सांगता यायचं. आमच्याकडं अशा वेळी कुणी कारण शोधत बसत नव्हतं. सटवाईनं नेलं म्हणायचे आणि गप्प बसायचे. तिसऱ्या खेपेला मुलगी झाली, तेव्हा पाचवीच्या दिवशीच सासूनं ठरवून टाकलं की हिला विकायची.

बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल, म्हणून फोड करून सांगते. जिची लेकरं जगत नाहीत, तिनं नवं लेकरू दुसरीला विकायचं, तेही सूपभर कोंड्याला. म्हणजे सटवाई आली की तिला वाटावं, हे या घरचं नाहीच, आणि कोंड्याच्या मोलाचं लेकरू नेऊन तरी काय करायचं. नावही तसंच ठेवायचं. अंगावर चार घरचे मागून आणलेले कपडे घालायचे. लेकरू आईकडंच राहतं, तीच पाजते, पण कुणाचं गं असं कुणी विचारलं की तिनं दुसऱ्या घराकडं बोट करायचं. तिसरी दिवाळी पार पडली की सटवाईच्या दगडापुढं तोच कोंडा परत करायचा आणि लेकरू पुन्हा आपलं म्हणायचं.

आमच्या भावकीत याला दोन अटी होत्या. विकणारीनं घेणारीच्या घरचा दाणा तोंडात घालायचा नाही, म्हणजे दोन घरं वेगळी दिसतात. आणि दुसरी अट कोंड्याची. तो खायचा नाही, ढोरापुढं टाकायचा नाही, तसाच्या तसा जपायचा. किंमत मोडली की सौदा खरा झाला.

घ्यायला अर्थातच मोठीमाय पुढं झाली. तिनं पदर पसरला, काकूनं लेकरू त्यात ठेवलं आणि मोठीमायनं सूप तिच्यापुढं सरकवलं. मी तेव्हा लहान होते, बायकांच्या पायांमधून बघत होते. मोठीमायनं लेकरू अवघडून छातीशी आवळलं. लेकरू धरायची सवय न्हाई, असं म्हणून बायका हसल्या. मुलीचं नाव ठेवलं कोंडाबाई. हाक मारायला कोंडू. सासूनं तो कोंडा एका गाडग्यात भरला, तोंडाला फडकं बांधलं आणि गाडगं शिंक्यात वर टांगलं.

त्याच उन्हाळ्यात मसाजीकाका मेंढरं घेऊन वऱ्हाडात गेला आणि तिकडंच तापानं मेला. सोबतच्यांनी त्याची घोंगडी आणून दिली. मेंढरं त्याच्या चुलतभावांनी आपल्या कळपात घेतली. बाईमाणसाच्यानं काय मेंढरं राखणं होतंय, असं त्यांचं म्हणणं पडलं. घरात राहिल्या दोन विधवा आणि एक अंगावर पिणारी मुलगी.

पुढची गोष्ट काकूनं मला फार वर्षांनी सांगितली, शेंगा फोडता फोडता, जणू दुसऱ्या कुणाचं सांगते आहे अशी. श्रावणात झड लागली. शेतात पाय घालता येईना, खुरपणी बंद, म्हणजे मजुरी बंद. घरातलं पीठ खरवडून संपत आलं. आमचं घर भरलेलं होतं, पण आमच्या घरचा दाणा तिला चालत नव्हता. दुसऱ्या दोन घरांतून तिनं पसापसा पीठ आणलं. पुन्हा गेली तेव्हा आतली बाई सुनेला हळूच काहीतरी म्हणाली आणि सून हसली. काकू दारातूनच परत फिरली. घरी येऊन तिनं कोंडूला छातीशी लावलं, तर कोंडू ओढून ओढून दमली आणि रडायला लागली. दूध आटलं होतं. तेव्हा तिनं शिंक्यातलं गाडगं खाली काढलं, कोंडा उरल्यासुरल्या पिठात मिसळला आणि भाकरी थापल्या. हातात घेताच मोडत होत्या म्हणे. सासूला डोळ्यांनी कमी दिसायचं. भाकर अशी खरखरीत काहून लागून राहिली, असं तिनं विचारलं, तर काकूनं जोंधळे जुने असल्याचं सांगून टाकलं. म्हणजे किरकोळ खोटं तिला जमत होतं बरं का.

झड उघडेपर्यंत त्या कोंड्यावर तिनं दिवस काढले. दूध पुन्हा उतरलं आणि कोंडू त्यावर जगली. रिकाम्या गाडग्यात काकूनं चुलीतली राख भरली, वरून फडकं बांधलं आणि ते परत शिंक्यात ठेवलं. मी म्हणते, यात चुकलं काय? लेकराची किंमत लेकराच्याच पोटात गेली. कुठल्याही शहाण्या देवीनं हे समजून घेतलं असतं. पण काकूच्या मनानं तेव्हाच घेतलं की आपण लेकरू खाल्लं. हे तिचे शब्द आहेत.

दसऱ्याच्या सुमाराला सासूला अर्धांगाचा झटका आला. अर्धं अंग लुळं पडलं, बोलणं तोंडातल्या तोंडात. तोवर काकू कामाला गेली की सासूच कोंडूला बघत होती. आता कापसाची वेचणी तोंडावर आली. वेचणीचे महिने चुकले तर वर्षभर खायचं काय? आणि कोंडू तर रांगायला लागलेली. तिला दिवसभर ठेवायची कुठं?

गावाला यात विचार करण्यासारखं काही दिसेना. विकत घेणारी बाई दोन हाकांवर राहते, तिच्या घरी दूधदुभतं आहे, तिला लेकरांची हौस आहे, आणखी काय पाहिजे? पण काकू ते एक घर सोडून गावभर फिरत राहिली. हिचं डोकं फिरलं, असं बायका म्हणायला लागल्या. किंमत खाऊन बसलोय आणि वर लेकरूही तिच्याच घरात नेऊन घातलं तर मग आपलं काय उरलं, हे ती कुणाला सांगणार होती?

आधी तिनं कोंडूला शेतात नेलं. बांधावरच्या बाभळीला झोळी बांधली. झोळीत राहायचं वय कोंडूचं सरलं होतं. ती उलटी होऊन खाली पडली आणि मुंगळ्यांच्या वारुळाशी जाऊन बसली. काकू ओळ सोडून धावली. पुन्हा ओळीला लागली, पुन्हा धावली. शेताचा मालक सोनाजी काही वाईट माणूस नव्हता. संध्याकाळी त्यानं तिच्या ओटीतला थोडासा कापूस पाहिला आणि कापूस वेच नाहीतर लेकरू सांभाळ, असं सरळ सांगितलं.

मग ती शकुबाईकडं गेली. शकुबाई गावाच्या टोकाला राहायची आणि वेचणीच्या दिवसांत मजूर बायकांची लेकरं सांभाळायची. बाकीच्या बायका सकाळी लेकरू टाकून पळायच्या. काकू लेकरू न घेता एकटीच गेली, आणि गेली ती भर दुपारी. दुपारी गेल्यावरच घर खरं कसं चालतं ते दिसतं, एवढं तिला कळत होतं. आत एका गोधडीवर सगळी लेकरं ओळीनं झोपलेली. एकही जागं नाही. एकाच्या डोळ्यावर माशी बसली, तिथून ती ओठावर आली, नाकात शिरायला बघत होती, तरी त्या लेकराचा हात उठला नाही. तू यांना काय देतेस, असं काकूनं विचारलं. शकुबाईनं काही लपवलं नाही. कमरेची डबी काढली आणि अफूच्या बारीक काळ्या गोळ्या दाखवल्या. मला हात दोनच, म्हणाली, गोळी दिली नाही तर एक चुलीत जाईल नि एक रांजणात. तिचंही खरंच होतं.

"आन् एखादं उठलंच न्हाई तर?" काकूनं विचारलं.

"उठतेत की. आजवर समदी उठली," शकुबाई म्हणाली.

काकू तिथंच भिंतीला टेकून बसून राहिली. एखादं तरी लेकरू जागं होऊन रडेल, मग आपण जाऊ, असं तिच्या मनात होतं. ऊन कलायला आलं तरी कुणी रडलं नाही. ती उठून आली आणि पुन्हा त्या घराकडं फिरकली नाही.

शेवटी तिनं कोंडूच्या कमरेला दोर बांधला, त्याचं दुसरं टोक सासूच्या खाटेच्या पायाला गुंडाळलं, जवळ भाकरीचा तुकडा ठेवला आणि कामावर गेली. संध्याकाळी येऊन बघते तर कोंडू खाटेभोवती फिरून फिरून दोरात अडकलेली. एक हात पार काळानिळा पडलेला. सासू वरून सगळं बघत होती. तिला हलता येत नव्हतं, ओरडता येत नव्हतं, नुसतं तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. काकूनं दोर कापला, हात चोळला आणि तिथंच जमिनीवर बसून ती रडली. त्या घरात तिच्या रडण्याला कुणाची हरकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आमच्या दारात उभी होती. आत यायची नाही, उंबऱ्याबाहेर.

"आक्का, दिवसाची ठिवते. सांजच्याला घिऊन जाते," ती मोठीमायला म्हणाली.

"माजंच लेकरू हाय की. मला काय इचारून राहिली?" मोठीमाय म्हणाली. रीतीप्रमाणं असंच बोलायचं असतं, म्हणून ओसरीवरच्या सगळ्या बायका हसल्या. काकू हसली नाही.

मोठीमायचा पाळणा तयारच होता. कधी आणला, कुणी टांगला, मला आठवत नाही, पण तो होता. शेळीचं दूध होतं, मऊ धडुती होती. ती बाई वाईट नव्हती, हीच तर खरी तकलीफ. वाईट असती तर काकूला भांडता आलं असतं, गावानं काकूची बाजू घेतली असती. पण मोठीमायनं त्या लेकराला जसं जपलं तसं मी पुढं माझ्या लेकरांनाही जपलं नाही. कोंडूला दात येताना ती दिवसभर तिला खांद्यावर टाकून फिरायची. माझ्या वेण्या घालायचंही ती विसरली, आणि खरं सांगते, मला कोंडूचा चांगलाच हेवा वाटायचा.

काकू सकाळी यायची, उंबऱ्याबाहेर बसून कोंडूला पाजायची, आत द्यायची आणि वेचणीला जायची. संध्याकाळी न्यायला यायची. आमच्या घरचं पाणीसुद्धा प्यायची नाही. कोंडूनं पहिल्यांदा माय म्हटलं ते मोठीमायला. मोठीमायनं ते काकूला हौसेनं सांगितलं आणि काकूनं नुसती मान हलवली. घरात सगळ्या मोठ्या बायका पंचफुला, पंचफुला म्हणायच्या, म्हणून बोलायला लागल्यावर कोंडूही तिला तेच म्हणायला लागली. दारात सावली पडली की ही टाळ्या पिटायची आणि म्हणायची, पंचफुला आली. सगळे हसायचे. मीसुद्धा.

थंडी पडली की मोठीमाय म्हणायची, झोपलीय, राहू दे आज. मग थंडी सरली तरी राहायची. काकू रिकाम्या हातानं घरी जायची. एखादे दिवशी नाही म्हणून उचलून न्यायची, तर कोंडू मोठीमायकडं हात करून गल्लीभर ओरडायची आणि लोक दारात येऊन काकूकडंच बघायचे. घरी गाडग्यात राख होती आणि ती कुणालाही सांगता येत नव्हती. रोज सकाळी तेच दार आणि रोज संध्याकाळी तेच. दुसरीकडं ठेवायची तर शकुबाईची डबी, नाहीतर खाटेचा दोर.

कोंडूची तिसरी दिवाळी आली आणि नीट पार पडली. आता सोडवून घ्यायची. काकूनं काय केलं असेल? तिनं जोंधळे दळले, चाळले, कोंडा काढला, चुलीवर टांगून धूर दिला, त्यात थोडी जुनी धूळ आणि कोळ्याची जाळी मिसळली. गाडगं घासलं, भरलं आणि तेच जुनं फडकं वर बांधलं. कुणाच्या बापाला ओळखू आलं नसतं. कोंडा तो कोंडा. मला हे सगळं तिनं सांगितलं तेव्हा मी म्हटलं, काकू, तू हुशार बाई होतीस. ती शेंगा फोडत राहिली.

सटवाईचा दगड ओढ्याच्या वर, लिंबाखाली. सकाळचं ऊन होतं. गावातल्या पुष्कळ बायका जमल्या होत्या. मोठीमायनं कोंडूला औंढ्याच्या बाजारातला नवा परकर घातला होता. कोंडूला आदल्या दिवसापासून सर्दी होती, अंग थोडं कोमट, नाक वाहत होतं. मोठीमायनं तिला असं धरलं होतं की मला वाटलं, ही आता देणारच नाही. पण ती द्यायला आली होती. एवढं मी तिच्या बाजूनं नक्की सांगेन. रडून रडून तिचे डोळे सुजले होते, तरी ती रीतीला चुकली नव्हती.

काकूनं गाडगं पुढं ठेवलं आणि फडकं सोडलं. मोठीमायनं कोंड्यात हात घातला आणि रीतीप्रमाणं विचारलं, "म्या दिलेला त्योच ह्यो कोंडा का?"

व्हय म्हणायचं आणि लेकरू घ्यायचं. एवढंच बाकी होतं. काकूनं दगडाकडं पाहिलं. मग तिनं हात लांब करून कोंडूच्या कपाळाला लावला. कपाळ तापलं होतं. आधीच्या दोघांनाही असाच ताप आला होता.

"न्हाई," ती म्हणाली. "त्यो म्या खाल्ला."

 सगळ्याच एकदम बोलायला लागल्या. कधी खाल्ला, काहून खाल्ला, आम्हाला सांगायचं की, पीठ नसतं का दिलं. पसाभर पिठाला हसणारी सून यात सगळ्यांत पुढं होती.  काकू मोठीमायकडं बघत होती.

त्या वेळी मोठीमायला काय काय करता आलं असतं, याचा मी जन्मभर विचार केलाय. तिला म्हणता आलं असतं, कोंडा माझा होता, मी माफ केला, घे तुझी लेक. पण तिचाही सटवाईवर तेवढाच विश्वास होता. आणि तिला ती मुलगी पाहिजे होती. यातलं कुठलं कारण मोठं होतं, ते तिचं तिला तरी कळलं असेल का, मला शंका आहे.

"किंमत मोडली, पंचफुला," ती हळूच म्हणाली. "सौदा पुरा झाला. आता तू नेलीस तर ती जगायची न्हाई."

"मला म्हाईत हाय. म्हनूनच सांगितलं," काकू म्हणाली.

मोठीमाय कोंडूला घेऊन घराकडं चालू लागली. नवा परकर तिच्या खांद्यावरून लोंबत होता आणि कोंडू मान वळवून मागं बघत होती, बायका काहून रडतायत म्हणून. काकू ते गाडगं घेऊन ओढ्यापाशी बराच वेळ बसली होती. ताप म्हणाल तर दुसऱ्या दिवशी उतरला. साधी सर्दी होती. मला त्या सर्दीचा इतका संताप येतो की बस्स.

थोड्या दिवसांनी तातेरावमोठ्याबाबांनी तोड काढली. घरात कामं वाढली होती, मोठीमायची कंबर धरत होती आणि कोंडू तर पळायला लागलेली. तिच्यामागं धावायला एक बाई पाहिजेच होती. मग पंचफुलाच काय वाईट, असं ते म्हणाले. सौदा पुरा झाल्यामुळं आता आमच्या घरचा दाणा तिला चालत होता. मोठीमायनं एकच अट घातली. पोरीला कधी कळता कामा नये. कळलं तर सटवाईला कळेल. काकूनं ती अट आनंदानं पाळली असं मी म्हणणार नाही, पण पाळली. गावानंही पाळली, कारण लेकराच्या जिवाचा प्रश्न होता.

अशी काकू आमच्या उंबऱ्याच्या आत आली. सकाळी सासूला खाऊ घालून यायची आणि कोंडूचं न्हाणं, वेणी, जेवण सगळं करायची. सासू गेल्यावर ती आमच्याच मागच्या पडवीत राहायला आली. मला घरात दम होता की तिला काकू म्हणायचं. कोंडूला तसं कुणी कधी शिकवलं नाही. काकू म्हणजेसुद्धा नातंच झालं, आणि मोठीमायला तेवढंही नको होतं. कोंडू तिला हुकूम सोडायची. पंचफुला, पाणी दे. पंचफुला, माझी चोळी कुठाय. वाईट स्वभावानं नाही, घरातलं लाडकं लेकरू जसं वागतं तसं. एकदा वेणी ओढली गेली म्हणून कोंडूनं तिच्या हातावर चापट मारली. मी तिथंच होते. माझं डोकं फिरलं. कोंडू खेळायला पळाल्यावर मी काकूला म्हटलं, सांगून टाक तिला, नाहीतर मी सांगते.

तिनं माझं मनगट असं धरलं की दुखलं.

"जगून राहिली न्हवं, जमने?" ती म्हणाली. "मंग गप बस."

मी गप्प बसले. पुढं माझं लग्न झालं, मी सासरी गेले, माहेरी आले की दोघी तशाच दिसायच्या. कोंडू उंच होत गेली, काकू वाळत गेली. चालण्याची ढब दोघींची एकच. आंधळ्यालाही कळली असती, पण आमच्या घरात कुणाला कळत नव्हती.

ते रझाकारांच्या भीतीचे दिवस होते. गावोगावची लग्नं खोळंबली होती, सोन्यासारखी स्थळं अडकून पडली होती. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि त्या मार्गशीर्षात गावोगाव एकदम मांडव पडले. कोंडूला पुसेगावचं स्थळ आलं, भरल्या घरचं. मी लग्नाला आले होते. काकू विधवा, म्हणून हळदीच्या, ओटीच्या कुठल्याही कामात तिला पुढं येता येत नव्हतं. ती मांडवामागं भांडी घासत होती. मोठीमायनं कोंडूची ओटी भरली, कडकडून मिठी मारली, दोघी हमसून हमसून रडल्या. सगळ्या बायकांच्या डोळ्यांना पदर लागले. काकू परसदारातून हात पुसत येऊन उभी राहिली. तिचे डोळे कोरडे होते. कामाच्या बाईनं फार रडलं तर लोक विचारतात.

गाडी जुंपली. कोंडू चढता चढता थांबली आणि तिनं गर्दीतून काकूला हाक मारली. काकू पुढं आली.  मला वाटलं, हिला कुणीतरी सांगितलं. कोंडूनं तिचे दोन्ही हात धरले. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं तिला असं धरलं असेल.

"पंचफुला," ती रडत म्हणाली, "माज्या मायला आता कुनी न्हाई. तिला एकटं टाकून कुठं जाऊ नको."

काकूनं तिच्याकडं पाहून घेतलं, कपाळापासून पायापर्यंत.

"न्हाई जात," ती म्हणाली.

गाडी ओढ्यापलीकडं गेली. मोठीमाय उंबऱ्यावर बसून रडत होती आणि काकू तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.